देवीची जागा, सिसेरोचं घर: रोमन कायद्यात धर्म कुठे आणि वक्तृत्व कुठे

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला रोमन कायद्यावर निबंध लिहायचा आहे. नोट्समध्ये तिला तीन टप्पे सापडले: आधी कायदा पुरोहितांच्या हातात होता, मग तो धर्मापासून सुटला, आणि सुटल्यावर सिसेरोसारख्या (इ. स. पू. पहिल्या शतकातला वकील आणि राजकारणी) वक्त्यांनी तो न्यायालयात गाजवला. ती विचारते, "हे टप्पे खरे धरून निबंध बांधू का? आणि सिसेरो खरा कायदेपंडित होता की फक्त उत्तम बोलणारा?"

मी जिल्हा न्यायालयात बरीच वर्षं दिवाणी दावे चालवले, आणि नंतर कायद्याच्या विद्यार्थ्यांना रोमन कायदा शिकवला. त्या दोन्ही अनुभवांतून उत्तर देतो. थोडं लांबेल, पण तुमचा प्रश्न चांगला आहे आणि दोन ओळींत त्याला न्याय देता येणार नाही.

आधी प्रश्न जरा हलवून ठेवू. "कायदा धर्मातून आला की वक्तृत्वातून" असं विचारलं की आपण उगम शोधायला लागतो, आणि उगमाच्या गोष्टी बहुतेक नंतरच्या लोकांनी लिहिलेल्या असतात. वकिलाला उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा आहे: अमुक वाद उठला तर त्यातला कुठला मुद्दा कोणापुढे जाणार? रोममध्ये पुरोहित मंडळ, प्रेटर (न्यायदानाचं काम पाहणारा अधिकारी), न्यायाधीश म्हणून नेमलेला सामान्य नागरिक, कायदेपंडित आणि सिनेट (राज्यकारभारावर ठराव करणारी ज्येष्ठांची सभा) अशी वेगवेगळी दारं होती. कुठल्या दाराशी उभे आहात त्यावर धर्म बोलायचा की वक्तृत्व, हे ठरायचं.

तुमचं उत्तर काळावर अवलंबून राहील, हेही आधीच मान्य करतो. इ. स. पू. 450 च्या आसपासच्या बारा फलकांच्या (रोमच्या पहिल्या लेखी कायद्याच्या) काळाला जे लागू आहे ते सिसेरोच्या काळाला तसंच्या तसं लागत नाही, आणि इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या गायस किंवा उल्पियन या कायदेपंडितांना तर आणखी कमी. निबंधात शतक सांगितल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका.

आता जुना काळ. परीक्षेत हमखास येणारी गोष्ट गायसने सांगितली आहे. एकाच्या द्राक्षवेली कुणीतरी तोडल्या. त्याने दावा लावला आणि दाव्याच्या ठरलेल्या वाक्यात "वेली" हा शब्द उच्चारला. तो दावा हरला. कारण ज्या कलमाखाली त्याला दाद मागता येत होती, ते बारा फलकांतलं कलम "झाडं" तोडण्याबद्दल होतं. वेली तोडल्याबद्दलही त्याच कलमाखाली दाद मिळत होती, फक्त तोंडातून "झाडं" हा शब्द यायला हवा होता.

मुलांना हे ऐकून हसू येतं. मला येत नाही, कारण वकिलीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जमिनीच्या दाव्यात गट क्रमांकाच्या जागी एकत्रीकरणापूर्वीचा जुना सर्व्हे नंबर लिहिला होता. चतुःसीमा बरोबर होत्या, पक्षकार बरोबर होते, शेत तेच होतं. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला बोट ठेवलं. मला दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागला, खर्च बसला, अशिलाचे काही महिने गेले, पण दावा वाचला. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत वादपत्र दुरुस्त करायची सोय आहे. जुन्या रोमन दाव्यात ती सोय नव्हती, कारण तिथे शब्द ही माहिती नव्हती, कृती होती. मंत्र चुकला तर विधी झालाच नाही असं आपण म्हणतो ना, नेमकं तसं.

धर्माचा कायद्यावरचा खरा ठसा मला इथे दिसतो. रोमन देवांनी चोरी करू नका, खोटं बोलू नका असे नियम दिले आणि त्यांचा कायदा झाला, अशी काही गोष्ट नाही. बारा फलकांचा मजकूर एका दहाजणांच्या मंडळाने तयार केला, कुठल्या देवाने तो सांगितला नाही. धर्माकडून आली ती पद्धत: ठरलेले शब्द, ठरलेला दिवस, ठरलेली हालचाल. वस्तूवरच्या जुन्या दाव्यात वादी हातात काठी घेऊन ती वस्तूला लावत असे आणि "क्विराइटांच्या (म्हणजे रोमन नागरिकांच्या) कायद्याने ही माझी आहे" असं म्हणत असे. प्रतिवादीही तेच करायचा. मग दोघं पैज लावायचे, वस्तूची किंमत 1000 आस (जुनं रोमन नाणं) किंवा जास्त असेल तर 500 आसची, कमी असेल तर 50 ची. या पैजेच्या रकमेला जो शब्द होता, साक्रामेन्टुम, त्याचा मूळ अर्थ शपथ. न्यायाधीश "कोणाची वस्तू" असं थेट ठरवत नसे, कोणाची शपथ योग्य हे ठरवत असे. हरणाऱ्याची रक्कम गायसच्या सांगण्याप्रमाणे सार्वजनिक खजिन्यात जायची.

हे सगळं पुरोहित मंडळाच्या, म्हणजे पाँटिफांच्या, हाती होतं असं परंपरा सांगते. कोणत्या दिवशी दावा लावता येईल ते पंचांगावर ठरायचं आणि पंचांग त्यांच्याकडे. दाव्यांची वाक्यंही त्यांच्याकडे. मग आप्पियस क्लॉडियस या बड्या राजकारण्याचा लेखनिक ग्नेयस फ्लावियस याने ती वाक्यं आणि ते पंचांग लोकांसाठी उघड केलं. तो इ. स. पू. 304 साली एडाइल (शहराची व्यवस्था पाहणारा अधिकारी) झाला. पुढचा काळ सांगताना विद्यार्थी चुकतात, इ. स. पू. चे आकडे उतरत जातात हे विसरतात, म्हणून सरळ सांगतो: इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याला टिबेरियस कोरुन्कानियस हा प्लेबियन, म्हणजे उमराव नसलेल्या, वर्गातला पहिला प्रमुख पाँटिफ झाला, आणि लोकांसमोर खुलेपणी कायद्याचा सल्ला देणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

या दोन गोष्टी तुमच्या नोट्समध्ये "कायदा धर्मापासून सुटला" या मथळ्याखाली असतील. पण नीट पाहा. ज्याने कायदा खुला केला तो कोरुन्कानियस स्वतःच प्रमुख पाँटिफ होता! रहस्य फुटलं असेल, पण माणसं बदलली नाहीत. त्यानंतरही रोमचे अनेक मोठे कायदेपंडित पाँटिफ मंडळातलेच होते. म्हणून "सुटला" हे क्रियापद निबंधात वापरताना विचार करा.

"पुरोहित" हा शब्द मी मराठीत सोयीसाठी वापरतोय, पण त्याने घोटाळा होऊ शकतो. पाँटिफ म्हणजे आयुष्यभर पूजाअर्चा करणारा भटजी नव्हे. ते सिनेटर असायचे, सेनापती असायचे, निवडणुका लढवायचे. जूलियस सीझर इ. स. पू. 63 पासून प्रमुख पाँटिफ होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता वक्तृत्व कुठून शिरलं? माझ्या मते याचं उत्तर न्यायालयाच्या रचनेत आहे. रोममध्ये खाजगी दावा दोन टप्प्यांत चालायचा. पहिला टप्पा प्रेटरपुढे. तिथे वादाचा मुद्दा काय, कुठल्या सूत्राखाली तो ठरवायचा, हे नक्की व्हायचं. दुसरा टप्पा न्यायाधीशापुढे, आणि हा न्यायाधीश कायदा शिकलेला नसायचा. पक्षांच्या संमतीने नेमलेला एक प्रतिष्ठित नागरिक. त्याच्यापुढे साक्षी, पुरावे आणि भाषणं. कायदेपंडित या दुसऱ्या टप्प्यावर सहसा येतच नसत. ते घरी बसून सल्ला देत, करारनामे आणि मृत्युपत्रं कशी लिहायची ते सांगत.

सिसेरोने त्याचा मित्र आक्विलियस गालुस याची आठवण सांगितली आहे. हा गालुस मोठा कायदेपंडित. कुणी त्याच्याकडे असा प्रश्न घेऊन आलं की जो मुळात घटना काय घडली याचा आहे, तर तो म्हणायचा, "यात कायद्याचं काही नाही, हे सिसेरोकडे न्या." मी हे वाक्य वर्गात दरवर्षी सांगतो. एका वाक्यात दोन व्यवसायांची हद्द आखली आहे, आणि ती आखणाऱ्याच्या मनात दुसऱ्याबद्दल तुच्छता नाही.

आपल्याला हे चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे तोच न्यायाधीश कायदाही जाणतो आणि पुरावाही तोलतो. वयस्कर वाचकांना 1959 चा मुंबईतला नानावटी खटला आठवत असेल. ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, आणि सत्र न्यायाधीशांनी ते न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. सामान्य माणसांपुढे खटला चालतो तेव्हा बोलण्याला किती वजन येतं आणि जाणकारांना त्याची किती धास्ती वाटते, हे त्यातून कळतं. रोममध्ये मात्र न्यायाधीशाचं मत उचलून वर पाठवणारा तो सत्र न्यायाधीश नव्हता.

धर्म शब्दाला धरून बसतो आणि वक्तृत्व अर्थाकडे ओढतं, असं समीकरण तुम्हाला पुस्तकांत मिळेल. त्यासाठी नेहमी एकच खटला दाखवला जातो, सुमारे इ. स. पू. 93 चा कुरियसचा. एका माणसाने मृत्युपत्र केलं: मला मुलगा होईल तो वारस, आणि तो वयात येण्यापूर्वी वारला तर मानियस कुरियस वारस. मुलगा झालाच नाही. मग कुरियसला मिळणार की नातेवाइकाला? नातेवाइकाच्या बाजूने क्विन्टस म्यूशियस स्कायव्होला, त्या पिढीतला सर्वांत मोठा कायदेपंडित, स्वतः पाँटिफ. तो म्हणाला, लिहिलंय तेवढंच वाचा. मुलगा जन्मून वारला ही अट पुरी झाली नाही. कुरियसच्या बाजूने वक्ता क्रासुस. तो म्हणाला, माणसाच्या मनात काय होतं ते बघा, मुलगा नसेल तर इस्टेट कुरियसला जावी एवढंच त्याला हवं होतं. आणि त्याने सुरुवात केली ती एका पोराच्या गोष्टीने: पोराला समुद्रकाठी वल्हं अडकवायची एक खुंटी सापडली, आणि तेवढ्यावर तो अख्खं जहाज बांधायला निघाला. स्कायव्होलानेही एका शब्दाच्या खुंटीवर अख्खा वारसाचा खटला उभारलाय! शंभरावर न्यायाधीशांचं मंडळ हसलं आणि क्रासुस जिंकला.

सिसेरोने या दोघांचं वर्णन करताना लिहिलं, की क्रासुस हा वक्त्यांमधला सर्वांत मोठा कायद्याचा जाणकार, आणि स्कायव्होला हा जाणकारांमधला सर्वांत मोठा वक्ता. म्हणजे सिसेरोला ही दोन वेगळी खाती दिसत होती आणि दोघांचं दुसऱ्या खात्यातही बरंच होतं. तुमच्या निबंधात हा खटला घ्या, पण त्यावरून "वक्तृत्वाने कायदा बदलला" असा निष्कर्ष एका उडीत काढू नका. विसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांमध्ये यावर मोठा वाद झाला. 1926 साली योहानेस श्ट्रूक्स यांनी वक्तृत्वशास्त्राचा प्रभाव ठामपणे मांडला, आणि रोमन कायद्याच्या अनेक अभ्यासकांनी तो तेवढा मोठा नाही असं म्हटलं. माझं मत मधलं आहे. एका खटल्याने नियम बदलत नाही, पण युक्तिवादाचे साचे शाळेत शिकलेले असले की पुढची पिढी त्याच साच्यांत विचार करते.

मला स्वतःला ज्या प्रकरणाने या विषयाची गोडी लागली ते मात्र दुसरंच आहे. त्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण त्यात धर्म, कायदा आणि वक्तृत्व या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत भेटतात.

इ. स. पू. 63 मध्ये सिसेरो कॉन्सुल (वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी) असताना, सत्ता उलथवण्याच्या कातिलिनाच्या कटातल्या माणसांना खटल्याशिवाय ठार केलं गेलं. इ. स. पू. 58 मध्ये त्याचा वैरी क्लोडियस ट्रिब्यून (प्लेबियन लोकांनी निवडलेला अधिकारी) झाला. नागरिकाला खटल्याशिवाय मारणाऱ्याला हद्दपारी, असा कायदा त्याने आणला. सिसेरो शहर सोडून गेला. मग खास सिसेरोविरुद्ध दुसरा कायदा. पॅलाटाइन टेकडीवरचं त्याचं घर, जे त्याने 35 लाख सेस्टर्सना (रोमन नाणं) विकत घेतलं होतं, जाळलं आणि पाडलं गेलं. त्या जागेच्या एका भागात क्लोडियसने लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्यदेवीची मूर्ती बसवून ती जागा देवीला अर्पण केली. यामागची चाल ओळखा: माणसाची जप्त केलेली जमीन उद्या परत मिळू शकते, देवाला दिलेली कशी मिळणार?

पुढच्या वर्षी सिसेरो परत आला आणि सिनेटने जागेचा प्रश्न पाँटिफांकडे पाठवला. 29 सप्टेंबर, इ. स. पू. 57 रोजी त्यांच्यापुढे सिसेरोने भाषण केलं. ते भाषण आज आपल्याकडे आहे, 147 परिच्छेदांचं.

विद्यार्थी हे भाषण उघडतात आणि वैतागतात. पहिले तीसेक परिच्छेद धान्याच्या टंचाईबद्दल आणि सेनापती पॉम्पेला दिलेल्या अधिकारांबद्दल आहेत. देवीचा, अर्पणविधीचा मुद्दा शंभरीच्या पुढे येतो. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं की हे पाल्हाळ आहे. पण काही वर्षं दावे चालवल्यावर पुन्हा वाचलं आणि त्याची बांधणी दिसली. समोर बसलेले न्यायकर्ते पुरोहित आहेत आणि राजकारणीही आहेत, सिनेटर आहेत. भाषणाच्या पहिल्याच वाक्यात सिसेरो हे बोलून दाखवतो: देवांची पूजा आणि राज्याचा कारभार पूर्वजांनी एकाच माणसांच्या हाती दिला, हे त्यांचं सर्वांत मोठं शहाणपण. त्या माणसांच्या मनात धान्याच्या प्रकरणावरून त्याच्याबद्दल कडवटपणा असेल तर तो आधी धुतला पाहिजे.

त्यानंतर येतात पर्यायी मुद्दे, पायऱ्यापायऱ्यांनी. आपण कैफियतीत लिहितो तसंच: "हे मान्य नाही, आणि मान्य धरलं तरी ते लागू नाही, आणि लागू धरलं तरी..." पहिली पायरी: क्लोडियस मुळात ट्रिब्यूनच नव्हता. ट्रिब्यून व्हायला प्लेबियन असावं लागतं, म्हणून त्याने इ. स. पू. 59 मध्ये स्वतःला एका प्लेबियन माणसाकडे दत्तक दिलं होतं, आणि हा दत्तक बाप त्याच्याहून वयाने लहान होता. पाँटिफांनी करायची चौकशी झाली नव्हती, आणि त्या दिवशी शकुन पाहिले जात असल्याने सभा भरवणंच गैर होतं. दुसरी पायरी: कायदा झालाच असं धरलं तरी तो एका व्यक्तीविरुद्धचा कायदा आहे आणि अशा कायद्यांना बारा फलकांत बंदी आहे.

मग एक मुद्दा येतो जो मराठीत सांगायला मला फार आवडतो, कारण तो आपल्या भाषेत अगदी नीट उतरतो. क्लोडियसच्या कायद्यात "सिसेरोला अग्नी आणि पाणी यांची बंदी (म्हणजे हद्दपारी) घालावी" असं न लिहिता "बंदी घातलेली असावी" असं लिहिलं होतं. सिसेरो विचारतो, जे झालेलंच नाही ते झालेलं असावं असा हुकूम जनता कसा देईल? वेलीऐवजी झाडं म्हणायला हवं होतं, त्याच जातीची ही हरकत आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या मंत्रासारख्या शब्दनिष्ठेला सिसेरो वक्त्याचं हत्यार म्हणून वापरतो. "धर्म शब्दाला धरतो, वक्तृत्व अर्थाला" हे समीकरण इथे उलटं झालं. वकील अशिलाला जे लागेल ते वापरतो. कुरियसच्या खटल्यात अर्थ लागत होता, इथे शब्द.

शेवटची पायरी अर्पणाची. पापिरियसचा एक कायदा होता, की प्लेब्सच्या (प्लेबियन लोकांच्या सभेच्या) आदेशाशिवाय मंदिर, जमीन किंवा वेदी अर्पण करता येणार नाही. सिसेरोने पाँटिफांच्याच दप्तरातले दोन जुने निर्णय काढले. इ. स. पू. 154 मध्ये सेन्सर (नागरिकांची नोंद ठेवणारा अधिकारी) कासियसला सभागृहात ऐक्यदेवतेची मूर्ती अर्पण करायची होती. पाँटिफांनी सांगितलं, लोकांनी तुला नाव घेऊन नेमलं नसेल तर ते अर्पण योग्य होणार नाही. इ. स. पू. 123 मध्ये लिकिनिया नावाच्या वेस्टल कुमारिकेने वेदी आणि छोटं देऊळ अर्पण केलं. ती तर स्वतः पुजारीण! तरीही पाँटिफांनी म्हटलं, लोकांच्या आदेशाशिवाय सार्वजनिक जागी केलेलं हे अर्पण पवित्र दिसत नाही.

विधीबद्दल तो म्हणतो, तुमच्या गुप्त शास्त्रात मी शिरणार नाही. आणि मग हळूच सांगतो की हा विधी सांगायला मंडळातला सर्वांत नवखा सदस्य पीनारियस नाट्टा, क्लोडियसचा मेहुणा, एकटाच गेला होता, आणि शब्द उच्चारताना त्याची जीभ अडखळत होती.

पाँटिफांनी काय केलं? सिसेरोने मित्र आत्तिकुसला लिहिलेल्या पत्रात निर्णयाचा मजकूर आहे. अर्पण करणाऱ्याला लोकांच्या आदेशाने किंवा प्लेब्सच्या ठरावाने नाव घेऊन नेमलेलं नसेल, तर तो भाग धर्मभंग न होता परत देता येईल असं दिसतं. "तर" आणि "असं दिसतं". दत्तकाबद्दल एक अक्षर नाही. नाट्टाच्या जिभेबद्दलही नाही. सर्वांत अरुंद पायरी त्यांनी निवडली. माझं वाचन असं आहे: दत्तक रद्द म्हटलं असतं तर तो सभेपुढे आणणारा त्यांचाच प्रमुख, सीझर, अडचणीत आला असता. सिसेरोने पायऱ्या इतक्या मांडल्या होत्या की त्यांना न अडखळता उतरता यावं. चांगला युक्तिवाद न्यायकर्त्याला तुमच्या बाजूने निर्णय द्यायचा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग दाखवतो, हे मी या भाषणातून शिकलो आणि आयुष्यभर वापरलं.

निर्णय अटीचा असल्यामुळे क्लोडियस लगेच सभेत उभा राहिला आणि म्हणाला, पाँटिफांनी माझ्या बाजूने निकाल दिला! सिनेटमध्ये पाँटिफांना विचारलं गेलं, तुमचा निर्णय नक्की काय? मार्कस ल्यूकुल्लुसने सगळ्या सहकाऱ्यांच्या वतीने उत्तर दिलं: धर्माचे न्यायाधीश पाँटिफ होते, कायद्याचं न्यायाधीश सिनेट आहे. आम्ही धर्माबद्दल ठरवलं, कायद्याबद्दल आता सिनेटमध्ये सिनेटर म्हणून ठरवू.

हे वाक्य निबंधाच्या मधोमध ठेवा. तीच माणसं, दोन खुर्च्या, दोन प्रश्न. धर्म आणि कायदा यांच्यात भिंत नव्हती, पण कोणता प्रश्न कोणत्या खुर्चीचा, हे त्यांना नेमकं माहीत होतं. क्लोडियस जवळजवळ तीन तास बोलत राहिला, एका ट्रिब्यूनने अडथळा आणला, पण 2 ऑक्टोबरला ठराव झाला. घराची भरपाई 20 लाख सेस्टर्स ठरली. बाकीच्या दोन मालमत्तांची किंमत फार कमी धरली, अशी सिसेरोची तक्रार त्याच पत्रात आहे.

थोडं थांबून एक तुलना, कारण आपल्याकडे देवस्थान जमिनींचे दावे चालवणाऱ्या कोणालाही ती सुचेल. भारतीय कायद्यात देव ही विधिव्यक्ती आहे. देव मालक असतो, त्याच्या वतीने दावा लावता येतो. रोमन कायद्यात पवित्र वस्तू कोणाच्याच मालकीची नसते, गायसने तसं स्पष्ट म्हटलंय. आणि तो आणखी एक भेद करतो. वस्तू "पवित्र" होते ती फक्त रोमन जनतेच्या अधिकाराने, कायद्याने किंवा सिनेटच्या ठरावाने. पण जागा "धार्मिक" होते ती साध्या माणसाच्या कृतीने, आपल्या जमिनीत मृताला पुरलं की. म्हणून रोमच्या खटल्यात "देवीची मालकी" असा शब्दप्रयोग करू नका. सिसेरोच्या घराच्या वादात देवी पक्षकार नव्हती. प्रश्न एवढाच होता की ती जागा मालकीच्या जगातून बाहेर गेली की नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सिसेरो कायदेपंडित होता का. विद्यार्थी इथे इ. स. पू. 63 मधलं मुरेना या आरोपीच्या बचावाचं भाषण उद्धृत करतात. त्यात सिसेरो कायदेपंडितांची खिल्ली उडवतो आणि म्हणतो, मला राग आणलात तर तीन दिवसांत कायदेपंडित होऊन दाखवीन. पण तिथे फिर्यादी पक्षात सर्विउस सुल्पिकियस होता, त्या काळातला सर्वांत नामांकित कायदेपंडित, आणि सिसेरो बचावाचा वकील होता. तीच व्यक्ती पुढे त्याच सर्विउसची मनापासून स्तुती करते, की त्याने तर्कशास्त्र आणून कायद्याला शिस्त लावली. समोर कोण बसलंय हे पाहिल्याशिवाय सिसेरोचं कुठलंही वाक्य त्याचं मत म्हणून लिहू नका. माझं उत्तर असं: सल्ला देणारा कायदेपंडित तो नव्हता, तसा दावाही त्याने केला नाही. पण तरुणपणी तो स्कायव्होला घराण्यातल्या दोघा पंडितांच्या पायाशी बसून कायदा शिकला होता, आणि घराचं भाषण दाखवतं की पाँटिफांच्या कायद्यातला नेमका चालणारा मुद्दा कोणता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: जुन्या काळात धर्माने कायद्याला शब्दांची आणि विधीची शिस्त दिली. प्रजासत्ताकाच्या शेवटी सामान्य न्यायाधीशांमुळे वक्तृत्वाला जागा मिळाली. आणि दोन्ही चालू असताना कायदेपंडित तिसरीकडे उभे होते, कधी पाँटिफ म्हणूनही. तीन टप्पे एकामागून एक नव्हेत, ते शेजारी शेजारी नांदत होते. साम्राज्याच्या काळात, इ. स. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, उल्पियन कायदेपंडितांबद्दल लिहितो की आम्हाला कोणी पुरोहित म्हणालं तर ते योग्यच आहे, आणि सार्वजनिक कायद्यात तो धर्मविधी, पुरोहित आणि अधिकारी यांना एका ओळीत बसवतो. "धर्मापासून सुटला" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य समजावून सांगायला हवं.

निबंधाची सुरुवात बारा फलकांपासून करू नका, सगळे तिथूनच करतात. आत्तिकुसला लिहिलेलं ते पत्र आधी वाचा, चौथ्या भागातलं दुसरं. ते फार मोठं नाही. मग भाषणाचे शेवटचे चाळीसेक परिच्छेद, मग गायसचं चौथं पुस्तक, जिथे वेलींची गोष्ट आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे समासात लिहीत जा की हा पाँटिफ ठरवेल, प्रेटर, न्यायाधीश की सिनेट. चार-पाच पानांनंतर निबंधाचा सांगाडा समासातच तयार होईल.

आणि वेळ उरला तर पुढच्या वर्षीचं भाषणही घ्या. इ. स. पू. 56 मध्ये रोमजवळ जमिनीतून विचित्र आवाज आले. शकुन सांगणाऱ्यांनी लेखी उत्तर दिलं, त्यात एक कारण होतं की पवित्र जागा साध्या जागांसारख्या वापरल्या जात आहेत. क्लोडियस म्हणाला, हे सिसेरोच्या घराबद्दलच आहे. सिसेरो सिनेटमध्ये ते उत्तर हातात घेऊन उभा राहिला आणि कायद्याची कलमं वाचावीत तसं एकेक वाक्य वाचत गेला: माझ्या जागेचा निर्णय पाँटिफांनी दिला आहे, सिनेटने दिला आहे, मग ही कोणती जागा? आणि त्याने क्लोडियसच्याच घरातल्या, भिंती घालून बंद केलेल्या देवघराकडे बोट दाखवलं.